चावी

पर्यटकांना योरिस सांगतो ती गोष्ट खोटी आहे.
प्रियकर नव्हता. पाद्री तर नव्हताच.
हाइलविखने कालव्यात उडी घेतली नाही,
आणि तिला डोकं आहे, चांगलं शाबूत डोकं,
पांढऱ्या फडक्यात घट्ट बांधलेलं,
हिशेबाला पक्कं.

मी इथली दारवान. आईनंतर मी.
अठ्ठावन्न घरं, एक विहीर, एक चर्च
आणि एक फाटक, ज्याची चावी
माझ्या तळहातात मावत नाही.
हल्ली ते कुणी लावत नाही.
घरं विद्यापीठाने घेतली, आत पोरं राहतात,
रात्री दोनला दगडांवरून सायकली खडखडवत येतात.
चावी तरी कमरेला असते. सवय.

आई सांगायची:
बेगिनी म्हणजे नन नव्हेत गं.
जन्माचं व्रत नाही. राहशील तोवर नियम पाळ,
नको झालं तर गाठोडं उचल आणि चालू लाग,
कुणाच्या बापाला विचारायला नको.
फ्लँडर्सभर बायका याच्यासाठी चालत यायच्या.
चादरी धुवायच्या, लेस विणायची,
मेलेल्या माणसापाशी रात्र काढायची,
त्याचे वेगळे पैसे.
फक्त सातची घंटा झाली की फाटक बंद.
मग देव आला तरी सकाळी.

त्या साली कालवा तळापर्यंत गोठला होता.
पलीकडच्या काठावर चांभाराची बायको
मरायला वेळ लावत होती.
हाइलविख तिचा हात सोडून उठली नाही.
घंटा तिने ऐकली असणार. सगळ्या गावाने ऐकली.

मग टकटक.
आतल्या बाजूला मोठ्या बाई उभ्या, अलेइडिस,
हातात हीच चावी.
टकटक ऐकली, आवाज ओळखला,
आणि नियमही त्यांनीच लिहिलेला.

सकाळी हाइलविख फाटकाला टेकून बसलेली सापडली.
मांडीवर टोपली. टोपलीत चादरी,
घडी न मोडलेल्या,
वरून स्वतःची शाल पांघरलेली.
बर्फ शालीवर. चादरी कोरड्या.

तेव्हापासून कडाक्याच्या रात्री फाटक वाजतं.
खाटीक म्हणतो तीनदा, पाववाली म्हणते पहाटेपर्यंत.
आई म्हणायची, मोजू नकोस.

मी मोजलं.
गेल्या फेब्रुवारीत, गुडघ्यांनी झोप उडवलेली,
खाली आले, शाल घेतली, उभी राहिले.
फाटक सताड उघडं.
उघड्या फाटकावर टकटक.
आणि कान लावला तेव्हा कळलं,
चारशे वर्षं आम्ही चुकीच्या बाजूला ऐकत होतो.
आवाज बाहेरून नव्हता.
आतून होता.

बाहेरची कधीच गेली.
तिला कुठलं दार आडवं येणार,
तिचे हात रिकामे, हिशेब पुरा.
राहिली ती चावीवाली.

मी काय बोलणार तिच्याशी?
मीही चावीवालीच.
माझीही एक बहीण होती, आन्टवर्पला,
तिच्या फोनवर मी एका हिवाळ्यात
घंटा नुसती वाजू दिली होती.
ते असो.

फाटक ओढलं. तीस वर्षांचा गंज किंचाळला.
बंद केलं. चावी घातली, फिरवली.
थोडी थांबले.
मग उलटी फिरवली
आणि दोन्ही हातांनी ढकलून उघडलं,
जसं कुणीतरी तेव्हा उघडायला हवं होतं.

बाहेर सायकल धरून एक पोरगा कुडकुडत होता.
"आजी, आज कुलूप कसं?"
तो आत आला. त्याच्या बाजूने
काहीतरी गार बाहेर गेलं,
किंवा वारा असेल, इथे असतोच.
कालव्याकडे गेलं एवढं खरं,
चांभारवाड्याच्या दिशेने.

योरिसला सांगितलं नाही.
त्याच्या बिनडोकीला गिऱ्हाईक चांगलं आहे.